इद्रिसचा फोटो

"हार करून देऊ की सुट्टी फुलं घेता?" फूलवालीनं विचारलं.

नेरूळच्या मार्केटात दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. रस्त्याच्या दोन्ही कडांना झेंडूचे ढीग, मधूनमधून आंब्याचे टाळे, भाताच्या लोंब्या, आपट्याच्या डहाळ्या, आणि सगळ्यावर झेंडूचा तो उग्र वास. मला तो लहानपणापासून आवडायचा. कराडकडं आमच्या रानाच्या कडेनं झेंडूची एक ओळ असायची, आणि दसऱ्याला आई मला पाटी भरून फुलं तोडायला लावायची. हाताला दोन दिवस वास राहायचा.

"सुट्टी दे. हार नको."

"घ्या ओ काकू, त्याच भावात ओवून देते."

"नको म्हटलं ना एकदा!"

बाई चपापली. बाजूच्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. त्या बिचारीचा काय दोष? पण माझं तोंड हे असं आहे. सोसायटीत म्हणतात, जाधवबाईंच्या नादी लागू नका, आणि त्यात खोटं काही नाही. अर्धा किलो फुलं पिशवीत टाकून मी घरी आले आणि ती ताटात ओतून नुसतीच बघत बसले. मागच्या वर्षी याच दिवसांत मी पाच किलो झेंडू घेतला होता आणि त्याचे हार स्वतःच्या हातानं ओवले होते. ते मी कुणाला घातले, ते सांगायचं आहे. सांगून मन हलकं वगैरे होणार नाही. पण दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

समोरच्या फ्लॅटमध्ये हलीमा राहते. सुदानची. तिथल्या दारफुर प्रांतातलं अल-फाशर हे तिचं शहर. नर्सिंग शिकायला ती नेरूळला आली, शिक्षण संपत आलं आणि तिकडं युद्ध पेटलं. परत जायचं राहूनच गेलं. आता इथल्या एका हॉस्पिटलात अरबी बोलणाऱ्या पेशंटांची दुभाषी म्हणून काम करते. ती भाड्यानं येणार म्हटल्यावर सोसायटीत कुरबूर झाली, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता, कारण सेक्रेटरी मी. पोलीस व्हेरिफिकेशन आणा, कॉलेजचं पत्र आणा, पत्रावर तारीख नाही, परत आणा. तीन हेलपाटे घालायला लावले मी पोरीला. चौथ्या वेळी ती कागदांबरोबर डबा घेऊन आली. डब्यात चिरलेली काकडी, टोमॅटो, लिंबू आणि शेंगदाण्याचं कूट.

चाखलं आणि म्हटलं, अगं बाई, ही तर आपली खमंग काकडी! फोडणी तेवढी नाही.

"तुमच्यात पण दाण्याचं कूट?"

ती हसली. "काकू, अरबी में मूंगफली का नाम ही सुदानी दाना है।"

त्याच दिवशी तिनं आमच्या हॉलमधला ह्यांचा फोटो पाहिला. चंदनाच्या कापांचा हार घातलेला. कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझे मिस्टर, सहा वर्षं झाली जाऊन. मग हाराकडं बोट करून तिनं विचारलं, हे कशासाठी? मी माझ्या मास्तरीणबाईंच्या आवाजात सांगितलं, "गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतो आम्ही. जिवंत माणसाच्या फोटोला कधी घालायचा नसतो." तिनं वर्गात बसल्यासारखी मान हलवली. तेव्हापासून ती मला काकू म्हणते आणि मी तिच्यावर घरच्यासारखी ओरडते.

तिचा भाऊ इद्रिस अल-फाशरमध्ये होता. तिच्याहून दोन वर्षांनी धाकटा, गणिताचा मास्तर. शहराला वेढा पडला तेव्हा आईला त्यानं लोकांच्या एका जथ्याबरोबर सीमेपलीकडं, चाड देशातल्या छावणीत पाठवलं आणि स्वतः मागं राहिला. शाळा बंद पडली होती, पण शाळेची मोठी भांडी होती. त्या भांड्यांत गल्लीतल्या लोकांसाठी तो आणि त्याचे मित्र जे मिळेल ते शिजवायचे.

वेढा म्हटलं की आपल्याला पन्हाळा आठवतो, आणि त्यातून पावसात निसटलेला राजा आठवतो. शाळेत तेवढंच शिकवलं. वेढ्यात मागं राहिलेल्यांनी रोज काय खाल्लं, हे मला कुणी शिकवलं नाही. ते मी साठी ओलांडल्यावर हलीमाच्या मोबाइलवरून शिकले. तिकडं कुणाकडं तरी इंटरनेटचं यंत्र होतं, त्यावरून आठ-दहा दिवसांनी इद्रिसचा एखादा व्हॉइस मेसेज यायचा. हलीमा आधी एकटी ऐकायची, मग आमच्याकडं येऊन मला ऐकवायची आणि एकेक वाक्य समजावून सांगायची. एकदा तो हसत होता. म्हणाला, तुझ्या काकूंना सांग, शेंगदाण्याचं तेल गेलं, दाणे गेले, आता आम्ही पेंड खातो.

पेंड. हलीमाला मला तो शब्द समजावून सांगावा लागला नाही. तेल काढल्यावर उरतो तो चोथा, आमच्याकडं बैलांना घालायचे. बैलसुद्धा कोरडी पेंड धड खात नाही, रात्रभर भिजवावी लागते. मी विचारलं, भिजवतात का गं? हलीमा म्हणाली, पाणी कुठंय? त्यानंतर मला दोन दिवस खिचडीवर कूट घालवेना. तिसऱ्या दिवशी घातलं. माणूस असाच असतो, मी काही वेगळी नाही.

मारणाऱ्यांनी, म्हणजे सरकारी लष्कराशी लढणाऱ्या फौजेनं, शहराभोवती मातीचा उंच बांध घातला होता. कुणी आत येऊ नये, कुणी बाहेर पडू नये म्हणून. बाहेर पडणाऱ्याला आधी विचारायचे, तू कुठल्या जमातीचा? उत्तरावर सगळं ठरायचं. हलीमाची जमात चुकीच्या उत्तरातली होती. हे तिनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं, मान वर न करता.

एक दिवस ती दारात उभी राहिली. "काकू, एक लेटर लिखना है। आप नोटीस कितना अच्छा लिखती हो।"

सोसायटीच्या नोटिसा मीच लिहिते. गाड्या रेषेच्या आत लावा, गच्चीवर पापड वाळत घालू नका. त्याच हातानं मी आमच्या खासदारांना पत्र लिहिलं, की एका शहरात लाखो माणसं कोंडून उपाशी मारली जात आहेत, जमात विचारून मारली जात आहेत, आपल्या देशानं यावर बोलावं, अन्नाचा रस्ता उघडायला लावावा. महिन्याभरानं पोच आली. शिक्का, आवक क्रमांक, सही. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत तीस वर्षं मी स्वतः आवक-जावकच्या टेबलावर काढली आहेत. नंबर पडलेल्या कागदाचं पुढं काय होतं हे मला सांगायला नको. हलीमा मात्र ती पोच बघून एवढी खूश झाली की मी गप्प बसले.

मग आम्ही उभं राहायला लागलो. दर रविवारी संध्याकाळी, स्टेशनबाहेर, हातात पाट्या. "वेढा उठवा. अल-फाशरला अन्न जाऊ द्या." सुरुवातीला आम्ही तिघं, हलीमा, मी आणि मुकादम सर. सर मूळ पनवेलकडचे, कोकणी मुसलमान, मराठी शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले, हलीमाच्या घरमालकाचे मित्र. पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, पुढं तुम्ही राहा. मी पुढं राहिलो तर लोक पाटी वाचणार नाहीत, माझी दाढी वाचतील."

आणि लोक तरी काय! कुणी म्हणे, सुदान म्हणजे आपलं पेट्रोल येतं तिथं का. कुणी थांबून पाटीचा फोटो काढी आणि वाचायच्या आतच निघून जाई. सोसायटीच्या ग्रुपवर चेअरमननी टाकलं, "त्यांचं त्यांच्यात चाललंय, आपण कशाला पडायचं?" मी तिथंच उत्तर दिलं, "तुमच्या घरात तुमचं तुमच्यात चालतं तेव्हा भिंतीपलीकडून मलाच यावं लागतं." ग्रुप दोन दिवस शांत होता. पण खरं सांगू का, चेअरमन बोलले तेच बहुतेकांच्या मनात होतं. मुकादम सर एकदा फार कडवटपणे म्हणाले, "गाझासाठी आमच्याकडं हॉल भरला होता. भरायलाच हवा होता. पण याच्यासाठी त्याच माणसांना बोलावलं, तर मला धरून दोघं. मारणारा पण आपलाच आणि मरणारा पण आपलाच असला, की माणसाला उठून उभं राहावंसं वाटत नाही."

चौथी आली मंजुळाबाय. नेरूळ गावातली आगरी बाई, सत्तरीच्या पुढची. स्टेशनबाहेर सुकी मच्छी घेऊन बसायची. दोन रविवार तिनं आम्हांला लांबून पाहिलं. तिसऱ्या रविवारी मच्छीच्या पाटीवर फडकं टाकून उठून आली.

"कनाला उब्या रायल्याव गो बाय?"

मी सांगितलं. हलीमाचा भाऊ, वेढा, पेंड. तिनं सगळं ऐकून घेतलं. दारफुर कुठं आहे हे तिनं एकदाही विचारलं नाही.

"ह्या शहरासाठी आमच्या जमिनी घेतल्या तवा आमीबी असंच बसलेलू. कोन इचाराला नाय आला," ती म्हणाली. "मी येतंय तुमच्यासंगं."

आणि आली की. मोर्चा कसा काढायचा हे आम्हां तिघांपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. पाटीची काठी छातीशी धरायची, हात दुखत नाहीत. उन्हाकडं पाठ करायची. पोलीस आला की आधी त्याला पाणी विचारायचं. पुढच्या रविवारी तिच्या आळीतल्या सहा बायका आल्या, त्यांना बघून आमच्या सोसायटीतल्या दोघी, मग हलीमाच्या कॉलेजातल्या पोरी. भाद्रपद संपता संपता आम्ही तीस-चाळीस झालो होतो. त्या दिवसांत मला खरोखर वाटायला लागलं होतं की काहीतरी होईल. आज लिहायला लाज वाटते, पण वाटलं होतं. हलीमालाही. तिच्या चालण्यातच फरक पडला होता.

मग ठरलं की बेलापूरला मोठी सभा घ्यायची, कचेऱ्यांसमोर. दसरा झाला होता, दिवाळी आठ दिवसांवर होती. परवानगीचा अर्ज अर्थातच मी लिहिला. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी वाचला आणि विचारलं, "बाई, तुमचा आणि सुदानचा संबंध काय?"

"समोरच्या फ्लॅटचा."

ते हसले. परवानगी मिळाली. रविवारी दोन तास, माइक नको, घोषणा नकोत, रस्त्यावर यायचं नाही. म्हणजे कुलूप लावलेल्या कचेऱ्यांसमोर गप्प बसायचं. मी चिडले. मंजुळाबाय म्हणाली, "गप बसू की. गप बसलेल्या बायकांना लोकं जास्त बगतान."

हलीमानं मोबाइलमधले अकरा फोटो काढून दिले. तिच्या गल्लीतली माणसं. एक दाई, एक शिंपी, शाळेच्या दोन मुली, भांड्यांपाशी राबणारे मित्र, आणि इद्रिस. चौकटीचा चष्मा, थोडा तिरका उभा, हसू दाबलेला. ही सगळी त्या घडीला जिवंत होती. सभेचं म्हणणंच ते होतं, की ही माणसं अजून आहेत, अजून वेळ आहे, काहीतरी करा. मी फोटो मोठे करून घेतले, पुठ्ठ्यावर चिकटवले, अकरा खुर्च्या भाड्यानं आणल्या. प्रत्येक खुर्चीवर एक फोटो ठेवायचा आणि मागं आपण सतरंजीवर बसायचं. कल्पना माझीच. फार चांगली वाटली होती मला.

आणि आदल्या दिवशी मी मार्केटातून पाच किलो झेंडू आणला.

का आणला, हे मी वर्षभर स्वतःला विचारते आहे. कुणी सांगितलं नव्हतं. बाजारात झेंडू होता, समोर कार्यक्रम होता, कार्यक्रमात फोटो होते. आपल्याकडं खुर्चीवर फोटो ठेवला की त्याला हार येतोच. कचेरीत तीस वर्षं जयंत्या-पुण्यतिथ्या केल्या, हार माझ्याकडंच असायचे. शनिवारी दुपारी मी टीव्ही बघत बघत अकरा हार ओवले. बोटं आपोआप चालत होती. गेलेल्या माणसाला घालतो, जिवंत माणसाला नाही, हे ज्या तोंडानं मी हलीमाला शिकवलं होतं, त्याच तोंडात त्या दुपारी दोऱ्याचं टोक होतं. डोक्यात एकच गोष्ट होती, की नुसते फोटो बोडके दिसतील.

सकाळी हलीमा हॉस्पिटलमध्ये होती, तिथून परस्पर येणार होती. आम्ही खुर्च्या मांडल्या. मी एकेका फोटोला हार घातला. मुकादम सरांनी शिंप्याच्या फोटोचा हार वाकडा झाला होता तो सरळ केला. शाळेत जन्मभर हेच केलेलं. सोसायटीतल्या एकीनं समई आणली होती, ती मध्ये ठेवली. लोक जमायला लागले, शंभर-सव्वाशे तरी असतील. त्यातल्या एकालाही काही खटकलं नाही. उलट एक बाई मला म्हणाल्या, "किती छान अरेंज केलंय!" कुणीतरी इद्रिसच्या खुर्चीचा फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा.

हलीमा रिक्षातून उतरली. हॉस्पिटलचं कार्ड गळ्यात तसंच. लोकांची गर्दी बघून आधी तिचा चेहरा उजळला. मग तिला खुर्च्या दिसल्या. ती चालता चालता हळू झाली, इद्रिससमोर येऊन थांबली, आणि माझ्याकडं वळली. आवाज अगदी साधा होता. पेशंटच्या नातेवाइकाला विचारतात तसा.

"काकू, कब हुआ? मुझे किसी ने बताया क्यों नहीं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिला वाटलं होतं की आम्हांला बातमी आली आहे. अकराही जणांची. आणि सभेच्या गडबडीत ती तिला द्यायची राहून गेली आहे.

"नाही गं, नाही! काही झालं नाही. मीच... अगं, चुकून..."

हार काढायला गेले तर दोरा पुठ्ठ्याच्या खाचेत अडकला. मी ओढतेय, फोटो हलतोय, फुलं गळतायत. मंजुळाबाय आली, तिनं दातानं तटकन दोरा तोडला आणि उरलेले दहाही हार तोडून टोपलीत टाकले. माझ्याकडं बघून म्हणाली, "बाय, जित्या मानसाला?" तेवढंच. मला कानफटात मारली असती तरी चाललं असतं.

सभा झाली. दोन तास सगळे गप्प बसले. हलीमानं इद्रिसचा फोटो खुर्चीवर परत ठेवू दिला नाही, मांडीवर घेऊन बसली. शेवटी तिनं बोलायचं होतं. माइक नव्हता. कागदावर तिनं मराठीत भाषण लिहून आणलं होतं, मीच तपासून दिलेलं, ते तिनं उघडलंच नाही. उठून एकेका खुर्चीपाशी गेली, नाव घेतलं आणि प्रत्येक नावापुढं एकच वाक्य म्हटलं. "ये ज़िंदा है।" अकरा वेळा. लोक रडत होते. मी रडू शकले नाही, मला ती मुभा नव्हती.

परत येताना रिक्षात आम्ही दोघीच. सीवूड्स गेलं, पुलावरून खाडीचा वारा आला. ती बाहेर बघत होती. नेरूळ जवळ आल्यावर म्हणाली, "इतनी जल्दी क्या थी, काकू?"

 मी पर्स उघडून रिक्षाचे सुटे पैसे मोजायला घेतले.

दोन दिवसांनी इद्रिसचा मेसेज आला. ती धावत आली, दार वाजवायलासुद्धा थांबली नाही. मी देवापुढं हात जोडले, मोठ्यानं रडले, तेव्हा रडू आलं. तो म्हणत होता, तुम्ही आमच्या नावानं उन्हात बसलात म्हणे. काकूंना सलाम सांग. बसायला सावली होती ना? मागं कुठंतरी धपधप आवाज येत होते. त्याचं काही वाटत नसल्यासारखा तो बोलत होता.

त्यानंतर त्याचा आवाज आला नाही.

दिवाळी आली. भाऊबीजेला आमच्या आणि वर-खालच्या मजल्यांवर चपलांचे ढीग होते, हलीमा दार लावून बसली होती. मी करंज्या घेऊन गेले, तिनं घेतल्या. मग भाऊबीजेनंतर तीन-चार दिवसांनी मोबाइलवर बातमी आली, अल-फाशर पडलं. मारणारे आत शिरले. पुढचे आठ दिवस जे येत गेलं ते मी इथं लिहीत नाही. मारणारे स्वतःच व्हिडिओ काढून टाकत होते, हसत. हलीमा ते एकेक थांबवून बघायची, मोठं करून, चेहरे शोधायची. मी फोन हिसकावून घेतला तर म्हणाली, "मुझे ढूँढने दो।" मग मीही चष्मा लावून तिच्या शेजारी बसले आणि शोधायला लागले. चौकटीचा चष्मा, थोडा तिरका उभा. आकाशातून काढलेल्या फोटोंत जमिनीवर तांबडे डाग दिसत होते, असं वाचलं. तेही आम्ही मोठे करून बघितले. त्यात काय दिसणार होतं? डागच दिसले.

अकरा जणांतली दाई चाडच्या छावणीत पोचली. एक शाळेची मुलगी पोचली. बाकी नऊ जणांचं काही कळलं नाही. मेले म्हणून कुणी सांगत नाही, आहेत म्हणून कुणी सांगत नाही.

मी शिकलेली बाई आहे. माझ्या हारानं इद्रिसचं काही झालं नाही, हे मला कळतं. बांध घालणाऱ्यांनी केलं, बंदुका पुरवणाऱ्यांनी केलं, पोच देऊन कागद बाजूला ठेवणाऱ्यांनी केलं. पण दात घासताना, दूध तापवताना, कधीही मध्येच मनात येतं, की त्याला मेलेला धरणारी पहिली मी. बंदूकवाल्यांच्याही आधी. आम्ही उभं राहिलो त्यानं काही थांबलं नाही, हेही मी तोंडावर सांगते. कुणी विचारलं, उपयोग काय झाला, तर उत्तर आहे, झाला नाही. मुकादम सर म्हणतात, तरी उभं राहायला हवं होतं. मंजुळाबाय काही म्हणत नाही, रविवारी येऊन उभी राहते. आता आम्ही पुन्हा चौघंच आहोत. जुन्या पाट्यांचा काही अर्थ उरला नाही. उठवायला वेढाच राहिला नाही. नव्या पाटीवर मी लिहिलंय, "ते कुठं आहेत?"

हलीमानं मला माफ केलं का, मी विचारलेलं नाही. ती येते, जेवते, माझ्या औषधांच्या वेळा पाळते. मध्ये एकदा पोळ्या लाटता लाटता तिनं एक गोष्ट सांगितली. तो ग्रुपवर टाकलेला फोटो, हार घातलेल्या इद्रिसचा, फिरत फिरत छावणीत तिच्या आईच्या शेजारणीच्या मोबाइलवर पोचला होता. आईनं हलीमाला फोन करून सांगितलं, माझ्या इद्रिसला परक्या मुलखात लोकांनी फुलं घातली, नवरदेवाला घालतात तशी. तिकडं हिंदी सिनेमे फार बघतात. लग्नात नवरदेवाला हार घालतात ते आईनं पाहिलेलं.

"तू काय म्हणालीस?"

"मैंने बोला, हाँ अम्मा। दूल्हे जैसा।"

मी पोळी उलटायची विसरले. हिंदी सिनेमात लग्न असतं तसा भिंतीवरचा हार घातलेला फोटोही असतोच. आईला तो आठवला नसेल, किंवा आठवला असेल आणि तरीही तिनं नवरदेवच धरला असेल. हे आम्ही दोघींनीही एकमेकींना बोलून दाखवलं नाही.

या दसऱ्यानंतर दोन दिवसांनी हलीमा म्हणाली, हॉस्पिटलमधले एक चाडचे पेशंट परत निघालेत, ते आईसाठी वस्तू न्यायला तयार आहेत. आईला तो फोटो हवाय. कागदावर. तोच, फुलांचा. मी म्हटलं, अगं, साधा फोटो आहे की आपल्याकडं, हाराशिवायचा. ती म्हणाली, अम्मानं वेगळं सांगितलंय, फुलांचाच.

मग आम्ही दोघी मार्केटातल्या फोटोच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा, भला माणूस. मोबाइलवरचा फोटो त्यानं कॉम्प्युटरवर घेतला. झेंडूचा हार, मागं खुर्चीची पाठ, कडेला समईचं टोक. खुर्ची त्यानं काढून टाकली, समई काढून टाकली, हार राहू दिला. आमच्याकडं बघून आवाज खाली आणला.

"कधी पाहिजे? तेराव्याच्या आत देतो, काळजी करू नका."

मला बोलायचं होतं. हलीमानं माझ्या हातावर हात ठेवला.

"आज," ती म्हणाली.

"वय काय हो? फारच तरुण दिसतात." त्यानं फोटोखाली नावासाठी एक ओळ केली, त्याखाली अजून एक छोटी ओळ केली. हलीमानं नाव सांगितलं, त्यानं ते टाइप केलं, तिनं वाकून तपासलं. मग त्यानं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथं तारीख काय टाकू?"

 मी हलीमाकडं बघितलं. आता तिला मराठी चांगलं येतं.

"तारीख अजून आली नाही," ती म्हणाली.

त्यानं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि ती ओळ कोरी ठेवून प्रिंट काढली.